बांधाची माती

गोव्यातल्या आमच्या बोरी गावाला जुवारी नदीच्या काठाने खाजनं, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची सखल भातशेतं, आहेत. भरतीला नदी शेतापेक्षा उंच असते, ओहोटीला खाली जाते. मधे असतो तो मातीचा बांध आणि बांधात बसवलेली मानस, पाणी सोडायचं दार. मानशीची लाकडी झडपं ओहोटीला आपोआप उघडतात आणि शेतातलं जादा पाणी नदीत सोडतात. भरती आली की नदीच्याच दाबाने ती मिटतात. चावी नाही, पहारेकरी नाही. लहानपणी मी मानशीवर बसून ती झडपं मिटताना तासन्‌तास बघत असे.

मी सात वर्षांची असताना भाद्रपदातल्या अमावास्येच्या रात्री बांध फुटला. भात पोटरीला आलं होतं. कोरगुट हे आमचं जुनं भात मिठाला दाद देत नाही, पण रात्रभर खाऱ्या पाण्यात बुडून राहायचं तर त्यालाही मर्यादा आहेच. खालच्या वाड्यावरून हाक आली, "बांद फुटलो!" बाबा कंदील घेऊन धावले आणि मी आईचा डोळा चुकवून मागोमाग गेले. खेकड्यांनी पोखरलेल्या जागी बांध बसला होता. भगदाड बैलगाडी जाईल एवढं, आणि नदी त्यातून आवाज करत शेतात शिरत होती. पुरुष माडाचे सोट ठोकत होते, पेंढ्याच्या जुड्या दाबत होते. कोणीतरी डोंगराकडची लाल माती टोपल्यांनी आणून ओतत होतं आणि ती ओतल्या ओतल्या विरघळून जात होती. तेव्हा बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. लाल माती नको, बांधाची पडलेली माती उचला. आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून ते कोसळलेल्या बांधाचेच गोळे वर द्यायला लागले.

सकाळी मी विचारलं, तीच माती का? बाबा म्हणाले, "ती बांधात राहिलेली माती. तिला बांध ठाऊक आहे." मग मुलीला समजावं म्हणून त्यांनी पुढे सांगितलं की ती नदीतली चिकणमाती, पिढ्यान्‌पिढ्या तुडवून घट्ट झालेली, मीठ पचवलेली. फुटली तरी गोळा धरून राहते.

हे बोलणं मी विसरून गेले होते. ते परत आलं एकदम वेगळ्या वाटेने.

१९९७ च्या ऑगस्टमध्ये आईच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. चतुर्थी तोंडावर होती. ऑपरेशन करायचं ठरलं. संमतीच्या कागदावर बाबांनी सही केली. ऑपरेशन नीट झालं. चतुर्थीला आई घरी होती, खुर्चीत बसून गणपतीवरची फळापानांची माटोळी कशी बांधायची ते सांगत होती, नेवऱ्या फुटल्या म्हणून सुनेवर लटकी रागावत होती. आम्हाला वाटलं, निभावलं.

फेब्रुवारीत सोनोग्राफीत यकृतावर डाग दिसले. एक-दोन नव्हेत, पुष्कळ. आत्या भेटायला आली होती. ओसरीवर बसून ती म्हणाली, "चाकू लागला आणि भडकलं. हात लावायला नको होता." आत्या वाईट बाई नव्हती. आईवर तिचा जीव होता, आणि हे वाक्य ती एकटीच म्हणत नव्हती. आपल्याकडे प्रत्येक गावात, प्रत्येक घरात कर्करोगाच्या बाबतीत हे कोणी ना कोणी म्हणतंच. पण त्या दिवशी बाबा उठून आत गेले. पुढे कितीतरी वर्षं मी बघितलं आहे, बँकेचा साधा फॉर्म असला तरी सही करताना त्यांचं पेन कागदाच्या वर थोडा वेळ थांबतं.

मे महिन्यात दादाचा पुण्याहून फोन आला. अमेरिकेत कर्करोगावर औषध निघालंय. ३ मे १९९८ च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ती बातमी होती. बोस्टनचे एक सर्जन, ज्यूडा फोकमन, त्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या गाठी वितळून गेल्या होत्या. औषधांची नावं अँजिओस्टॅटिन आणि एन्डोस्टॅटिन. दुसऱ्या दिवशी ते बनवणाऱ्या छोट्या कंपनीचा शेअर १२ डॉलरवरून ८५ पर्यंत चढला होता, असं मी पुढे वाचलं. आमच्या घरी चढली ती वेगळीच गोष्ट. बाबांनी मराठी पेपरातलं त्या बातमीचं कात्रण कापून पंचांगात ठेवलं. दादाने अमेरिकेतल्या एका पत्त्यावर फॅक्स पाठवला. आईला आम्ही सांगितलं, आणि ती हसली. ते हसू कशाचं होतं ते मला अजून उलगडलेलं नाही.

माणसांवरची पहिली चाचणी १९९९ च्या अखेरीस सुरू झाली. आई त्याच्या वर्षभर आधी गेली, दिवाळीला आठ दिवस असताना.

मी तेव्हा उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवत होते. कोलॅजन हा शब्द मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे. हाडं, कूर्चा, कातडी यांना बळकटी देणारं प्रथिन, एक गुण. एन्डोस्टॅटिन म्हणजे कोलॅजनचाच एक तुकडा, हे जेव्हा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते.

फोकमन यांची गोष्ट मुळापासून सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत होते. काम होतं रक्ताला पर्याय शोधण्याचं. त्यासाठी सशाची थायरॉइड ग्रंथी काढून काचेच्या भांड्यात, नळ्यांतून द्रव खेळवत जिवंत ठेवली जाई. त्यांनी तिच्यात उंदराच्या कर्करोगाच्या पेशी सोडल्या. गाठी वाढल्या, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या झाल्या आणि थांबल्या. मेल्या नव्हत्या, नुसत्या थांबल्या होत्या. त्याच गाठी परत उंदरात घातल्या तर भराभर मोठ्या झाल्या. फरक कशाचा, तर भांड्यातल्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या.

पेशीला जवळच्या केशवाहिनीपासून प्राणवायू मिळतो तो एक-दोन दशांश मिलिमीटर अंतरापर्यंतच. त्यापलीकडची पेशी उपाशी. म्हणून गाठीला मोठं व्हायचं असेल तर आधी स्वतःकडे पाण्याचा पाट फोडून घ्यावा लागतो. १९७१ मध्ये फोकमन यांनी हे लिहून काढलं. गाठ रक्तवाहिन्यांना बोलावणारं काहीतरी सोडते, ते बोलावणं अडवलं तर गाठ टाचणीच्या टोकाएवढीच राहील. बरीच वर्षं फार थोड्यांनी ते मनावर घेतलं. सर्जनने सर्जरी करावी, असा सूर होता.

पण सर्जनच्या नजरेला दिसणारी एक गोष्ट प्रयोगशाळेत बसणाऱ्याला दिसत नाही. कधी कधी मोठी गाठ काढली जाते, रोगी सुधारतो, आणि काही महिन्यांत दुसरीकडे, फुप्फुसात नाहीतर यकृतात, आधी कुठेच न दिसलेल्या गाठी एकदम उगवतात. सर्जन हे पाहत आले होते. आत्याही तेच म्हणत होती.

फोकमन यांनी त्यावर प्रश्न विचारला तो असा: मोठी गाठ तिथे असेपर्यंत लहान गाठी का वाढत नव्हत्या? म्हणजे मोठी गाठच त्यांना धरून ठेवत होती का? १९९० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत मायकल ओ'रायली नावाचा तरुण डॉक्टर आला आणि त्याने हा प्रश्न अंगावर घेतला. त्याच्याकडे उंदरांचा असा एक कर्करोग होता की मूळ गाठ अंगावर आहे तोवर फुप्फुसातले ठिपके ठिपकेच राहायचे, आणि ती काढली की दोनेक आठवड्यांत फुप्फुस गाठींनी भरायचं. अडवणारं जे काही होतं ते अंगभर फिरत असणार, मग मूत्रातही उतरत असणार. म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं उंदरांचं मूत्र गोळा करत राहिला, गाळत राहिला. १९९४ मध्ये हाती आलं ते अँजिओस्टॅटिन. तपासलं तर ते प्लास्मिनोजेन या रक्तातल्या नेहमीच्या प्रथिनाचा तुटलेला तुकडा निघालं. १९९७ मध्ये रक्तवाहिनीच्याच पेशींच्या एका गाठीने प्रयोगशाळेतल्या द्रवात सोडलेलं दुसरं एक प्रथिन हाती आलं, ते एन्डोस्टॅटिन. तोही तुकडाच, कोलॅजनच्या १८ क्रमांकाच्या प्रकाराचा, कोलॅजन १८ चा, शेवटचा भाग.

कोलॅजन १८ कुठे असतं? रक्तवाहिनीच्या भिंतीत. आणि इथेच मला बांध दिसला.

आपल्या पेशी एकमेकींना नुसत्या चिकटून राहत नाहीत. त्यांच्याबाहेर प्रथिनांची आणि साखरेच्या लांब साखळ्यांची एक ओली जाळी असते, एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स. आपल्या शरीराला शरीराचा आकार तिच्यामुळे आहे. केशवाहिनीच्या आत अस्तराच्या पेशींचा एक थर असतो आणि तो थर ज्या अतिपातळ चादरीवर बसतो तिला बेसमेंट मेंब्रेन, आधारपटल, म्हणतात. कोलॅजन ४ चे धागे एकमेकांत विणून तिचा पाया होतो, कोलॅजन १८ तिच्यात अडकवलेलं असतं. ही चादर शाबूत आहे तोवर अस्तराच्या पेशी निवांत असतात. वर्षानुवर्षं एकही फुटत नाही, दुभंगत नाही.

नवी वाहिनी काढायची तर ही चादर फाडावी लागते. गाठीकडून बोलावणं आलं की अस्तराच्या पेशी कात्रीसारखी विकरं (एन्झाइम्स) सोडतात, चादर कापतात आणि त्या भगदाडातून बाहेर पडून गाठीच्या दिशेने सरकू लागतात. आणि कापताना जे तुकडे सुटतात, त्यांतले काही तुकडे त्याच पेशींना जाऊन सांगतात, थांबा.

हे मी आता पाच-सहा शब्दांत लिहिलं, पण पहिल्यांदा समजलं तेव्हा अंगावर काटा आला होता. जी विकरं रस्ता मोकळा करायला सोडली, त्यांच्याच कापण्यातून रस्ता अडवणारं द्रव्य तयार होतं. ते बाहेरून आणावं लागत नाही. भिंतीतच घडी घालून ठेवलेलं असतं. भिंत धड असताना तो भाग आत दडलेला असतो, शेजारच्या साखळ्यांनी झाकलेला, कोणाला दिसत नाही, कोणाला चिकटत नाही. तुटल्यावर उघडा पडतो. अखंड कोलॅजन पेशीला आधार देतं, बसायला जागा देतं, आणि त्याचाच तुकडा तिला वाढू देत नाही.

असे तुकडे पुढे आणखी सापडत गेले. बोस्टनमध्येच रघू कल्लुरी यांच्या प्रयोगशाळेने कोलॅजन ४ च्या साखळ्यांची टोकं वेगळी करून पाहिली. पहिल्या साखळीच्या टोकाला अरेस्टेन म्हणतात, दुसरीच्या कॅनस्टॅटिन, तिसरीच्या टमस्टॅटिन. टमस्टॅटिनवर माझा विशेष जीव आहे. अस्तराच्या पेशीच्या अंगावर इंटिग्रिन नावाच्या पकडी असतात, त्यांनी ती जाळीला धरून असते. टमस्टॅटिन त्यांतल्याच एका पकडीत जाऊन बसतं आणि पेशीच्या आत प्रथिनं बनवण्याचं काम मंदावतं. तेही फक्त रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशीत. शेजारच्या दुसऱ्या जातीच्या पेशीला त्याचं सोयरसुतक नाही. ज्या उंदरांमध्ये टमस्टॅटिन बनतच नाही त्यांच्यात गाठी लवकर मोठ्या होतात, आणि बाहेरून टमस्टॅटिन नेहमीच्या पातळीला आणून दिलं की वेग उतरतो, हे २००३ मध्ये दिसलं. त्यातली नेहमीची पातळी ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तुमच्या-माझ्या रक्तात हे तुकडे आत्ता या क्षणी फिरत आहेत. मॅट्रिक्स रोज थोडी झिजते, थोडी नवी विणली जाते, आणि त्या रोजच्या झिजेतून ही राखण चालू राहते.

याच तुकड्याची दुसरी बाजूही आहे. गुडपाश्चर नावाच्या एका दुर्मीळ आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मूत्रपिंडावर आणि फुप्फुसावर उलटते, आणि ती नेमकी ज्या भागावर उलटते तो हाच, कोलॅजन ४ च्या तिसऱ्या साखळीच्या टोकाचा भाग. दडलेला असतो तोवर ठीक, उघडा पडला की शरीर त्याला ओळखत नाही.

डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांकडे २१ वं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतात. कोलॅजन १८ चं जनुक याच गुणसूत्रावर आहे. त्यांच्या रक्तात एन्डोस्टॅटिन जास्त असतं, आणि गाठीचे कर्करोग त्यांच्यात इतरांपेक्षा कमी आढळतात. हे एकच कारण असेल असं कोणी म्हणत नाही, त्या गुणसूत्रावर दुसरीही जनुकं आहेत. पण माझ्या वर्गात अशी एक मुलगी काही काळ बसायला येत असे, आणि हे वाचल्यावर तिच्याकडे बघताना माझ्या मनात दयेपेक्षा वेगळं काहीतरी यायला लागलं.

मग औषधाचं काय झालं, हा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात. एन्डोस्टॅटिन माणसांना देऊन पाहिलं. त्रास जवळजवळ झाला नाही, पण गाठीही फारशा आटल्या नाहीत. उंदराला कर्करोग झाला तर आम्ही त्याची चांगली काळजी घेऊ शकतो, असं फोकमन स्वतःच म्हणत असत. बातमीच्या दिवसांतही त्यांनी आशेला लगाम घालायचाच प्रयत्न केला होता. हे प्रथिन बनवायला कठीण, घडी नीट बसत नाही, रक्तातून लवकर निघून जातं. चीनमध्ये त्यात थोडा बदल करून ते फुप्फुसाच्या कर्करोगासाठी २००५ पासून वापरात आलं. इतरत्र कंपन्यांनी हात काढून घेतला. फोकमन १४ जानेवारी २००८ ला डेन्व्हरच्या विमानतळावर, एका परिषदेला जाताना, हृदयविकाराने गेले. ती बातमीही मी कापून ठेवली, पंचांगातल्या पहिल्या कात्रणाशेजारी.

वाट मात्र पुढे गेली, दुसऱ्या बाजूने. राखणदार वाढवण्याऐवजी बोलावणंच पकडायचं. रक्तवाहिन्यांना बोलावणारं मुख्य प्रथिन व्हीईजीएफ, त्याला घट्ट धरणारं प्रतिद्रव्य बेव्हासिझुमॅब. अमेरिकेत फेब्रुवारी २००४ मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि मिळाली ती मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी. चाचणीत केमोथेरपीबरोबर ते दिलेल्यांचं मध्यम आयुष्य १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेलं होतं. पावणेपाच महिने. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच वाटेल. आमच्या घरात पावणेपाच महिने म्हणजे आईची आणखी एक दिवाळी आणि संक्रांत होती.

गोव्यात मधुमेह किती आहे ते इथे राहणाऱ्याला आकड्यांनी सांगावं लागत नाही, तरी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्याचा आकडा २६.४ टक्के होता, सगळ्या राज्यांत वरचा. बाबा त्यांतले एक. पंचवीस वर्षांची साखर. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगायला लागले. पेपर वाचताना ओळ मधेच वाकडी व्हायची.

डोळा ही या सगळ्या विषयाची खरी शाळा आहे, असं मला वाटतं. बुबुळावरची पारदर्शक काच, कॉर्निया, तिच्यात एकही रक्तवाहिनी नसते, असती तर आपल्याला दिसलंच नसतं. गर्भात असताना डोळ्याच्या पोटातून एक रक्तवाहिनी भिंगाकडे गेलेली असते, ती जन्माच्या आसपास विरून जाते आणि मागची जागा स्वच्छ होते. कोलॅजन १८ नसलेल्या उंदरांत ती वेळेवर विरत नाही. माणसांत हे जनुक बिघडलं तर नॉब्लॉक सिंड्रोम होतो, पोरवयातच दृष्टिपटल सुटून येतं. म्हणजे वाढू न देणं हेही शरीराला शिकावं लागतं, आणि त्यासाठी ते भिंतीतलंच सामान वापरतं.

बाबांच्या डोळ्यात झालं ते वेगळं. साखरेने केशवाहिन्यांचं आधारपटल जाड होतं. जाड होतं आणि तरी गळतं. बांधावर वरून माती चढवत राहावं आणि आत खेकड्यांनी पोखरलेलं असावं, तसं. काही वाहिन्या बंद पडतात, दृष्टिपटल प्राणवायूला आसुसतं आणि बोलावणं धाडतं. मग नव्या वाहिन्या येतात, पण घाईने आलेल्या, कच्च्या, जरा ताण पडला की रक्त सांडणाऱ्या. काळे धागे दिसत होते ते सांडलेलं रक्त.

डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन द्यायचं ठरवलं. कागदावर नाव वाचलं आणि माझे पाय जागीच थांबले. बेव्हासिझुमॅब. सव्वा मिलिग्रॅम, एका थेंबाएवढ्या पाण्यात. आईला मिळालं नाही ते औषध, आईच्याच आजारासाठी काढलेलं, बाबांच्या डोळ्यात जाणार होतं.

संमतीचा कागद पुढे आला. बाबांचं पेन नेहमीसारखं कागदाच्या वर थांबलं.

मी तिथे काही बोलले नाही. इंजेक्शन झालं, डोळ्यावर पट्टी बांधली, आम्ही गाडीत बसलो. फोंड्याच्या चढावर बाबांनीच विचारलं, "बाये, ते कसलं औषध?" आणि मग मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. सशाची ग्रंथी, उंदरांचं मूत्र, भिंत, तुकडे. २००४ साल सांगताना मी जरा अडखळले. त्यांनी मनात हिशेब केला असणार. काही म्हणाले नाहीत. बोरीचा पूल दिसायला लागला तेव्हा म्हणाले, "म्हणजे तुझी आत्या बरोबर बोलत होती. ती गाठ बाकीच्यांना धरून होती, आणि आपण ती काढायला लावली."

पंचवीस वर्षं हा प्रश्न ओसरीवर पडून होता. तो आज त्यांच्या तोंडून आला. मी गाडी बाजूला घेतली.

मला त्यांना खोटा दिलासा द्यायचा नव्हता. आतड्याची मूळ गाठ काढल्यावर काही रोग्यांच्या यकृतातल्या गाठींमध्ये रक्तवाहिन्यांची दाटी वाढते, हे माणसांतही पाहिलं गेलं आहे. आत्याला जे दिसलं ते अगदीच हवेतलं नव्हतं. पण आत्या म्हणत होती चाकूने रोग पसरवला, आणि ते तसं नाही. ते डाग यकृतात आधीच होते, चाकू लागण्याच्या कितीतरी आधी. डोळ्याला दिसत नव्हते एवढंच. आणि ती मूळ गाठ काही राखणदार म्हणून तिथे बसली नव्हती. ती आतड्याची वाट बुजवत होती, रक्त सांडत होती, दिवसागणिक नव्या पेशी यकृताकडे धाडत होती. तिच्या हातून चादर फाटताना राखणीचे काही तुकडे सुटत होते, तो तिचा हेतू नव्हता, गुणही नव्हता. तुकडे आईच्या शरीराचे होते, तिच्या स्वतःच्या भिंतीतले. गाठ ठेवली असती तर आतडं बंद होऊन ती चतुर्थीसुद्धा हाती लागली नसती. आज कोणी तसं आमच्याकडे आलं तर मी पहिलं हेच सांगेन, ऑपरेशन करा, उशीर करू नका, आणि पुढचं औषध काय ते डॉक्टरांना विचारा.

"माटोळीचा दिवस तुमच्या सहीने आला, बाबा," मी म्हणाले.

ते बऱ्याच वेळाने बोलले. बोलले ते आईबद्दल नव्हतं. म्हणाले, ते तुकडे फाटल्यावरच बोलतात, असं का? आधीच का बोलत नाहीत?

मी म्हटलं, आधी ते भिंतीत गुंतलेले असतात. भिंत धरून ठेवणं हेच त्यांचं काम असतं तेव्हा.

"बांधाच्या मातीसारखं," ते म्हणाले.

मला वाटत होतं ती रात्र मी एकटीच आठवून आहे. मग मी त्यांना हेही सांगितलं की बांधाच्या बाबतीत माती उचलायला कमरेएवढ्या पाण्यात उतरणारा माणूस लागतो, शरीरात तसं कोणी नसतं, तुकडे आपले आपण जातात, पुरतात तेवढे पुरतात. त्यावर त्यांनी मान हलवली, पण ती संमती होती की नुसती हालचाल, पट्टीमुळे मला चेहरा पुरता दिसत नव्हता.

परवा तिसरं इंजेक्शन झालं. ओळी आता बऱ्याच सरळ दिसतात. संध्याकाळी आम्ही मानशीपर्यंत चालत गेलो, काठी टेकत, सावकाश. पलीकडे बांधाला एका जागी ओल दिसत होती, खेकड्याचं बीळ असावं. बाबा वाकले, खालचा चिखलाचा गोळा उचलला, बिळात दाबला आणि वरून टाचेने दोनदा तुडवला. भरती लागत होती. झडपं मिटायला अजून वेळ होता.